पन्नास वर्षं टिकणारं कापड

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण, प्रमोशन. काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की टिकाऊपणा विभाग यापुढे माझा. विभागात मी, एक भट्टी, नकली ऊन पाडणारं दिव्यांचं एक कपाट आणि ताणबाई. ताणबाई हे त्यांचं खरं नाव नाही. त्या कापडाच्या पट्ट्या मशीनच्या दोन जबड्यांत अडकवून तुटेपर्यंत ताणतात आणि किती जोर लागला ते टिपून ठेवतात. स्वभावही तसाच.

आमची कंपनी कौलांखाली अंथरायचं मेंब्रेन बनवते. कौलांच्या फटींतून वाऱ्यापावसाचं पाणी आत आलं तर ते अडवायचं आणि घरातली वाफ मात्र खालून वर जाऊ द्यायची. इतकी अक्कल आमच्या ऑफिसात फार जणांना नाही. बायको त्याला कापड म्हणते. लग्न झाल्यापासून सांगतोय, कापड नव्हे, मेंब्रेन. ती म्हणते, बरं, मेंब्रेनचं कापड.

संकल्प: रोज लिहायचं. खरं लिहायचं. पोट कमी करायचं.

९ फेब्रुवारी

मधे लिहिणं झालं नाही. प्रमोशनमुळे वेळच मिळत नाही. पोटाचं सोमवारपासून.

ताईचा फोन आला होता. वरच्या मजल्याचं छप्पर नवं करायचंय, जुनं फार जीर्ण झालंय. तिथे ती आणि दाजी पाळणाघर चालवतात. आईबाप कामावर जाताना मुलं सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात. दाजी रिटायर झाल्यापासून त्यात इतके रमलेत की मोठ्या माणसांशीही आता सावकाश आणि हातवारे करत बोलतात. ताई म्हणाली, अरे, तुझ्या ओळखीत कोणी चांगलं आहे का या कामातलं? मी म्हटलं, ताई, या कामातला सगळ्यात चांगला माणूस तुझ्याशी बोलतोय.

मेंब्रेन माझ्याकडून द्यायचं ठरवलं. गेल्या वर्षीच्या ट्रायलचे रोल गच्चीत आहेत. बायकोने घरात घेऊ दिले नाहीत म्हणून उन्हात आहेत, पण रोलला काय होतंय.

बायको म्हणाली, बहिणीला उरलेलं देताय?

उरलेलं नव्हे. राखून ठेवलेलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताईकडे छपराचं माप घेतलं. म्हणजे मिस्त्रीने घेतलं, मी टेपचं दुसरं टोक धरलं आणि देखरेख केली. मिस्त्री बडबड्या आहे. आपण केलेल्या प्रत्येक छपराची गोष्ट सांगतो आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी घरमालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणाला, साहेब, उतार कमी आहे, साधी गोल वळणाची कौलं घ्या. मी म्हटलं, सपाट. मॉडर्न दिसतात. तो म्हणाला, सपाट कौलांत वाऱ्याने पाणी आत शिरतं. मी म्हटलं, शिरू दे की. खाली मेंब्रेन कशाला आहे?

यावर त्याने टेप गुंडाळली. बहुधा प्रभावित.

खाली आलो तर मुलं झोपून उठली होती. ताईने सगळ्यांना सांगितलं, हा माझा भाऊ, हा आपलं छप्पर करणार. झालं, मी छप्परमामा. एक चिमुरडी येऊन माझ्या बुटावर बसली ती उठेचना. मूल न्यायला आलेल्या एका आईला ताई सांगत होती, आमच्या भावाचं खातंच आहे टिकाऊपणाचं, काळजी नको. मी छे छे म्हटलं. पण हळू.

कौलं गडद निळी घ्यावीत असं मनात आहे.

२ मार्च

मेंब्रेन अंथरून झालं. उन्हात असं काही चमकत होतं की मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढला. मग आणखी मागे जाऊन आणखी एक काढला. मिस्त्री म्हणाला, दुकानात लाल कौलं तयार पडलीत, सोमवारी चढवतो. मी त्याला थांबवलं. निळी म्हणजे निळीच.

१२ मार्च

निळी कौलं ऑर्डर करावी लागतात. कारखानावाला म्हणतो, सहा आठवडे.

आमच्या माहितीपत्रकात छापलंय की मेंब्रेन उघड्या उन्हात ठेवू नये, चार आठवड्यांच्या आत कौलं चढवावीत. पण हे वाक्य लिहिलं कोणी? मी. म्हणजे ते किती सैल हाताने लिहिलंय ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? असल्या सूचना सामान्य माणसांसाठी असतात.

तोवर पाळणाघर खालच्या हॉलमध्ये भरतंय. मुलं एकमेकांना चिकटून झोपतात. ताई आणि दाजी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने जेवतात. ताई म्हणाली, थोडेच दिवस आहेत, चालतंय.

३० मार्च

ताणबाईंची एक सूचना. त्यांचं म्हणणं, आपण काही पट्ट्या उन्हाच्या कपाटात ठेवतो आणि वेगळ्याच पट्ट्या भट्टीत. दोन्ही पास होतात. पण छपरावर एकाच कापडाला (त्यांनीही कापडच म्हटलं) आधी ऊन लागतं आणि मग कौलांखाली वर्षानुवर्षं उकाडा. उन्हाने आतून ठिसूळ झालेलं कापड उकाड्यात किती दिवस काढेल? तर तीच पट्टी आधी उन्हात, मग भट्टीत, अशी टेस्ट घेऊया का?

कल्पना चांगली आहे. म्हणूनच पुढच्या तिमाहीत ढकलली. चांगल्या कल्पनांची घाई करू नये.

त्यांनी हेही विचारलं की भट्टीतले इतके आठवडे म्हणजे छपरावरची पन्नास वर्षं, हे कोणत्या हिशेबाने? आता पन्नास हा आकडा साहेबांनी काढला होता. मी फक्त भट्टी त्याला जुळवून घेतली. हे सगळं ताणबाईंना सांगत बसत नाही.

पोटाचं एक तारखेपासून.

१९ एप्रिल

कौलं अजून नाहीत. पहिल्या घाण्याचा रंग जांभळा आला म्हणे.

ऊन मी म्हणतंय. ताईचा फोन. म्हणाली, अरे, त्या कापडाचा रंग उडालाय, वाऱ्याने कागदासारखं वाजतं, आणि ह्यांनी वर जाऊन हात फिरवला तर हाताला खडूसारखी पूड लागली.

मी म्हटलं, मुरतंय ते.

"मुरतंय?"

"हो. मेंब्रेन उन्हात मुरतं."

हा शब्द मला त्याच क्षणी सुचला होता. ताई म्हणाली, तू म्हणतोस तर असेल.

फोन ठेवल्यावर माहितीपत्रक काढून ते चार आठवड्यांचं वाक्य पुन्हा वाचलं. वाक्य छान लिहिलंय.

१० मे

कौलं आली. सुंदर. निळी.

एक छोटासा प्रकार घडला. वर चढल्या चढल्या मिस्त्रीने मेंब्रेनवर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला. मी म्हटलं, तुमचा अंगठा दणकट आहे. मग त्याने गुडघा टेकवला, गुडघाही गेला. मी टेप मागवली. टेप इतकी झकास चिकटली की ओढून पाहिली तर मेंब्रेनच तिच्याबरोबर निघून आलं. टेप दर्जेदार आहे यात शंका नाही.

मिस्त्री म्हणाला, साहेब, हे सगळं काढून नवं घालू. दोन दिवसांचं काम आहे.

मी विचार केला. नवे रोल आणायचे म्हणजे साहेबांकडे मागावे लागणार, कारण सांगावं लागणार. आणि ताईला काय सांगायचं? मुरलं म्हणून? मी त्याला म्हटलं, वरून कौलं येणारच आहेत, झाकून टाका. तो म्हणाला, मग ताईंना तरी सांगू का? मी म्हटलं, तांत्रिक गोष्टी सांगून घरच्यांना घाबरवू नये.

त्याने खांदे उडवले. इतका बडबड्या माणूस, पण दिवसभर एकही गोष्ट सांगितली नाही.

एक तुकडा कापून लॅबमध्ये घेऊन आलो. शास्त्रीय कुतूहल.

१८ मे, रविवार

छप्पर पूर्ण! आईबापांना बोलावलं होतं. ताईने मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, पन्नास वर्षं, ही मुलं आजी-आजोबा होतील तोवर हे छप्पर त्यांच्या डोक्यावर राहील. टाळ्या. दाजींनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

परत येताना बायको म्हणाली, बोलताना तुम्ही सारखं वर का बघत होतात?

११ जून

ताणबाईंनी न विचारता तो तुकडा मशीनला लावला. त्यांचं म्हणणं, कपाटावर पडून होता, उन्हातून आलेलाच दिसत होता, थोडे दिवस भट्टीत ठेवला आणि मग लावला. मशीन सुरू झालं आणि तुकडा आकडा उमटायच्या आत तुटला.

मी म्हटलं, मशीन बिघडलंय. लगेच तपासणीला पाठवून दिलं.

ताणबाई म्हणाल्या, मग तोवर मी काय ताणू?

प्रश्न उद्धट होता. 

२७ जून

काल वाऱ्याचा मोठा पाऊस झाला. सकाळी ताईचा फोन. वरच्या खोलीत कोपऱ्यात थेंब थेंब पाणी पडतंय.

मी तिला शांतपणे समजावलं. हे पावसाचं पाणी नाही. मुलं झोपेत श्वास सोडतात, श्वासात वाफ असते, ती वर जाऊन गार पडली की तिचं पाणी होतं. ती म्हणाली, मग मुलांना श्वास कमी घ्यायला सांगू का?

ती खरंच विचारत होती की काय ते कळलं नाही. मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेव.

२९ जून

खिडक्यांतून पाऊस आत आला. खिडक्या बंद ठेवायला सांगितलं.

१५ जुलै

ताईकडे गेलो होतो. चार ठिकाणी गळतंय. गाद्या भिजल्यात. खाली बादल्या ठेवल्यात आणि मुलं भोवती बसून थेंब पडला की ओरडतात. त्यांची करमणूक झालीय. ताई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती.

तिथे शेजारचे औषधदुकानवालेही आले होते. त्यांनी वर बघत मला विचारलं, तुम्ही या लाइनमधले, काय झालं असेल हो?

माझ्या तोंडून निघून गेलं, खिळे. मिस्त्रीने खिळे वाकडेतिकडे ठोकलेत, प्रत्येक खिळ्याशी भोक पडलंय. बोलायला लागल्यावर ते मलाच पटायला लागलं. खिळा कसा ठोकावा हे मी हाताने करून दाखवलं. औषधवाले म्हणाले, बरं झालं सांगितलंत, पुढच्या महिन्यात त्यालाच दुकानाचं छप्पर देणार होतो, आता नाही देत.

 ताईने फडकं बादलीत पिळलं आणि ती पुन्हा पुसायला लागली.

परत येताना मिस्त्रीचा विचार येत होता. मग स्वतःला समजावलं की खिळे कदाचित खरंच वाकडे असतील. मी कुठे पाहिलेत?

 

२ ऑगस्ट

ताईचा फोन. आवाज निराळा.

दुपारी वरच्या खोलीच्या छताचा बोर्ड पाण्याने फुगून खाली आला. सबंध. मुलांच्या गाद्यांवर.

मुलं अंगणात होती. पाऊस थांबला म्हणून दाजी त्यांना गोगलगाय दाखवायला घेऊन गेले होते. एक मुलगी झोपली होती. तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं, पण वर एकटी कशाला म्हणून खांद्यावर टाकून घेऊन गेले.

कोणाला लागलं नाही.

कोणाला लागलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

गेलो. पडलेल्या बोर्डाचे तुकडे एका बाजूला केले होते. छताला भलंमोठं भगदाड. शिडी लावून वर डोकं घातलं. कौलांच्या फटींतून उजेडाच्या रेघा दिसत होत्या. त्या दिसायला नकोत, मधे मेंब्रेन असतं. हात वर केला. ते होतं. बोटं लागली तसं सुटून खाली आलं, पापुद्रे पापुद्रे, माझ्या केसांत, डोळ्यांत. एकही भोक खिळ्याचं नव्हतं. खिळे एका ओळीत, सरळ ठोकलेले होते. मी सगळे पाहिले.

खाली उतरताना शेवटची पायरी चुकली. शिडी जुनी आहे, असं लिहिणार होतो. शिडी चांगली आहे.

खाली माझ्या बुटावर बसणाऱ्या त्या चिमुरडीचं सामान न्यायला तिचे वडील आले होते. कायमचं. तिची उशी, तिचा पेला, सगळं एका पिशवीत भरलेलं होतं. त्यांनी मला न्याहाळलं आणि विचारलं, तुम्हीच ना ते, पन्नास वर्षं म्हणणारे?

मी तोंड उघडायच्या आत ताई मधे आली. म्हणाली, तो माझा भाऊ आहे. मदतीला आलाय.

मी ताईच्या मागे उभा होतो. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे, तरी मी पुरता लपलो.

१० ऑगस्ट

अर्धी मुलं गेली. उरलेली खालच्या हॉलमध्ये. आता चिकटून झोपावं लागत नाही, जागा भरपूर आहे.

संकल्प: ताईला सगळं सांगायचं. रोल कसले होते, किती दिवस उन्हात राहिले, मिस्त्रीचा अंगठा, टेप, मुरणं, खिळे. सगळं. येत्या रविवारी. तयारी म्हणून बाथरूमच्या आरशासमोर बोलून पाहिलं. सुरुवात बरी झाली: "ताई, टिकाऊपणाच्या क्षेत्रात संशोधन करताना काही गोष्टी अनपेक्षितपणे..." बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, 'चुकलो' हा शब्द कितव्या मिनिटाला येणार आहे?"

पुन्हा सुरुवातीपासून करून पाहिलं. तो शब्द कुठेच बसेना.

१७ ऑगस्ट, रविवार

सर्दी. लहान मुलांच्या घरात सर्दी घेऊन जाणं बरं नव्हे.

२४ ऑगस्ट, रविवार

सर्दी नव्हती. गेलो नाही. एवढंच लिहितो.

मशीन शुक्रवारी परत आलं. दोष आढळला नाही. ताणबाईंनी माझ्यासमोर त्या तुकड्याचा उरलेला भाग लावला. तसाच तुटला. मग रिझल्टचा कागद माझ्यापुढे ठेवून चहा प्यायला निघून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग म्हणाले, पाकिटांवर पन्नास छापून झालंय, तर नुसतं एक 'पर्यंत' घालू. पन्नास वर्षांपर्यंत. म्हणजे कोणी काही म्हणू शकत नाही. तू सही करून टाक.

मी मान हलवली. उभी की आडवी ते मलाही कळलं नाही. सही केलेली नाही. कागद ड्रॉवरमध्ये ठेवलाय. हे धैर्य म्हणायचं की नेहमीची चालढकल, हे ठरवता येत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आज सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, मी येऊ का बरोबर? मी नको म्हटलं. ती म्हणाली, मग तडक जा, मधे कुठे थांबू नका. तडक गेलो.

ताईच्या घराशी पोचलो तर छपरावर मिस्त्री. कौलं उतरवून खाली रचलेली, आणि तो नवं मेंब्रेन अंथरत होता. दुसऱ्या कंपनीचं. मला पाहून त्याने हातोडी थांबवली, मग पुन्हा सुरू केली. कौलंही शेजारी आणून ठेवली होती. गोल वळणाची, लाल.

ताई ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी म्हटलं, ताई, बोलायचंय. ती म्हणाली, बोल. मी ती आरशासमोरची सुरुवात विसरलो. म्हटलं, कापडाचं. मेंब्रेन म्हणायलाही सुचलं नाही. म्हटलं, कापड कुजकं होतं ताई. मला ठाऊक होतं. मिस्त्रीचा अंगठा त्यातून गेला, तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी...

ती म्हणाली, "मलाही तेव्हाच कळलं होतं."



"त्याच संध्याकाळी सांगितलं मला मिस्त्रीने. तू म्हणाला होतास ना त्याला, ताईंना सांगू नका? तो म्हणाला, सांगू नका म्हणालेत म्हणूनच सांगतोय."

मला काय वाटलं ते आधी लिहितो. मला राग आला. मिस्त्रीचा. एक क्षणभर, पण आला. मग म्हटलं, अगं, मग तू बोलली का नाहीस? एवढं मोठं भाषण केलं मी सगळ्यांसमोर. त्या दिवशी खिळ्यांचं बोललो, तू तिथेच होतीस.

ती सुरी चालवत होती. म्हणाली, "आधी वाटलं, तू आपणहून सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. मग कौलं चढली. मग म्हटलं, नुसतं थेंब थेंब गळेल, बादली ठेवू. तुला बोलले असते तर तू तोंड पाडून बसला असतास आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागली असती. लहानपणापासून काढतेय. नाही काढवली या वेळी."

मी म्हटलं, ताई, चुकलो मी. तो शब्द आला एकदाचा. इतका बारीक आला की तिला ऐकू गेला की नाही, शंका आहे.

तिने सुरी ठेवली. म्हणाली, "तू चुकलास ते आहेच रे. पण मुलं तुझ्या भरवशावर नव्हती सोडलेली. माझ्या भरवशावर होती. मला माहीत होतं वर काय आहे, आणि मी तुझं मन राखत बसले. हे गोगलगाय बघायला गेले नसते तर?" आणि ती रडली. ताईला मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, सगळ्यांचं करत होती. मी मोठी तयारी करून माफी मागायला आलो होतो आणि तीच माझ्यासमोर डोळे पुसत उभी. काय करावं ते कळेना. मी सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली. ती म्हणाली, "अरे, केवढे तुकडे करतोयस." आणि सुरी काढून घेतली.

मग म्हणाली, "मला सांगून काही व्हायचं नाही. मिस्त्रीकडे मी परवा गेले होते, तुझ्या वतीने माफी मागून आले, म्हणून तरी आला तो. पण शेजारचं त्याचं काम गेलंय. तिकडे जाऊन सांग."

गेलो. औषधाच्या दुकानात गर्दी होती. मला वाटलं होतं बाजूला घेऊन सांगता येईल, पण ते म्हणाले, बोला की. गिऱ्हाइकांसमोरच सांगावं लागलं. खिळे सरळ होते, कापड माझं होतं, ते कुजलेलं आहे हे ठाऊक असताना मीच झाकायला लावलं, मिस्त्रीचा काही दोष नाही. एक बाई खोकल्याचं औषध मागायचं विसरून माझ्याकडे बघत राहिल्या. औषधवाले म्हणाले, अस्सं. पण मी दुसऱ्याला दिलं हो काम. गेल्याच आठवड्यात. त्याने सामानसुद्धा टाकलं.

गेल्याच आठवड्यात. मला सर्दी नव्हती तेव्हा.

परत येऊन शिडीखालून मिस्त्रीला हाक मारली. म्हटलं, सांगून आलो, पण काम गेलं, उशीर केला मी. तो वरून म्हणाला, माहीत आहे मला, कोणाला दिलंय तेही माहीत आहे. मग म्हणाला, साहेब, शिडीपासून बाजूला व्हा, वरून लाकडाची पट्टी टाकतोय. बाजूला झालो. त्याने पट्टी टाकली.  मी जरा वेळ थांबलो, न जाणो एखादी गोष्ट सांगेल.

मागच्या अंगणात दाजी भिजलेल्या गाद्या उन्हात टाकत होते. त्या अजून वाळल्याच नाहीत, आतून दमट आहेत, बाहेर काढाव्या लागतात आणि संध्याकाळी परत आत घ्याव्या लागतात. एक मोठी गादी जिन्यातच राहिली होती. मी ती एकट्याने उचलायला गेलो. पाणी प्यालेली गादी किती जड होते याची मला कल्पना नव्हती. मध्यावर धरली तर दोन्ही टोकं लोंबायला लागली, आणि मी जिन्याच्या वळणावर तिला मिठी मारून तसाच अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हाक मारायची लाज वाटली.

थोड्या वेळाने गादी पुढून हलकी झाली. दाजींनी पलीकडचं टोक धरलं होतं. गादीमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, माझाही त्यांना दिसत नसेल. मी म्हटलं, दाजी, मी...  ते मागे मागे पावलं टाकत उतरत होते आणि मी त्यांच्या मागोमाग. शेवटच्या पायरीशी ते थांबले आणि मुलांना सांगतात तशा सावकाश आवाजात म्हणाले,

"हळू. पुढे उंबरा आहे."